सौर पंपाच्या डब्यावरचा आकडा शेतकऱ्याला कळू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक,
महावितरण, प्रकाशगड, वांद्रे, मुंबई

विषय : सौर कृषी पंपाच्या कंट्रोलरवर (डब्यावर) दिसणारे बिघाडाचे संकेत सर्व कंपन्यांसाठी एकसारखे आणि मराठीत असावेत याबाबत.

महोदय,

जालना जिल्ह्यात अंबड तालुक्यात माझे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. कमी दाबाच्या विजेने जळालेल्या मोटारी भरून देणे हा आमचा पिढीजात धंदा. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आल्यापासून हे चित्र बदलले. शिवारात जिकडे पाहावे तिकडे प्लेटा उभ्या आहेत. रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन दारे धरायला जाणारा माणूस आता दिवसाउजेडी पाणी देतो, आणि त्याच्या घरची माणसे निवांत झोपतात. योजना मोलाची आहे. ती टिकावी म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

आता दुकानावर मोटारी कमी आणि फोन जास्त येतात. “दादा, डब्यावर ई आणि चार आलंय, पंप उठत नाही, काय करू?” मला पहिला प्रश्न विचारावा लागतो तो, “डबा कोणत्या कंपनीचा?” कारण बिघाड तोच असला तरी प्रत्येक कंपनीचा संकेत वेगळा. ऊन कमी पडले तर एका डब्यावर ‘ए-एलएस’ उमटते, दुसऱ्यावर नुसता आकडा येतो, तिसऱ्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि तो किती वेळा लुकलुकला हे मोजत बसावे लागते. बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांत दोन कंपन्यांचे पंप असतील, तर एका शेतकऱ्याचा अनुभव दुसऱ्याच्या कामी येत नाही. उलट शेजाऱ्याच्या सांगण्यावरून भलताच उपाय केला जातो.

मागच्या हिवाळ्यातले एक उदाहरण सांगतो. मोसंबीचा आंबे बहार धरलेला, ताण तोडून पाणी सुरू करायची वेळ. त्या दिवसांत पाणी चुकले की फूल चुकते. एका शेतकऱ्याचा पंप सकाळी उठेना. डब्यावर संकेत यायचा, आणि दहा-साडेदहाच्या सुमारास पंप आपोआप सुरू व्हायचा. त्याला वाटले, मोटार आखडते आहे. त्याने माणसे लावून बोअरमधून मोटार वर काढली, मजुरी दिली, मोटार माझ्याकडे आणली. मोटार ठणठणीत होती. मी शेतात जाऊन प्लेटा मोजल्या, तर एका ओळीत सतरा. मुळात पंधरा होत्या. पाणी जास्त पडेल म्हणून कोणाच्या तरी सल्ल्याने दोन वाढवलेल्या.

ही गोष्ट डब्याने पहिल्याच सकाळी सांगितली होती. ३३५ वॅटच्या एका प्लेटेचा, पंप बंद असतानाचा दाब साधारण ४६ व्होल्ट असतो. पंधरा प्लेटा ओळीत जोडल्या की ६९० व्होल्ट, सतरा जोडल्या की ७८२. हा हिशोब २५ अंश तापमानाचा. प्लेट जितकी गार, तितका तिचा दाब चढतो, दर अंशाला सुमारे ०.३ टक्के. थंडीच्या सकाळी प्लेट दहा अंशांवर असेल तर सतरा प्लेटांचा दाब ८१५ च्या पुढे जातो, आणि त्या डब्याची मर्यादा होती ८००. म्हणून तो स्वतःला वाचवत होता. ऊन वर आले, प्लेटा तापल्या, दाब उतरला की पंप चालू. डब्यावर फक्त ‘प्लेटांचा दाब जास्त’ एवढे मराठीत आले असते, तर मोटार वर काढायची वेळच आली नसती.

अशा संकेतांचे एक वर्षभराचे चक्र आहे, आणि ते आम्ही दुरुस्तीवाले तोंडपाठ सांगू शकतो. थंडीत जास्त दाब. फाल्गुन-चैत्रात विहिरी खाली गेल्या की ड्राय रन. वैशाखात डबा तापल्याचा संकेत, कारण डबा उन्हात टांगलेला असतो आणि त्याच्या मागच्या पंख्यांत धूळ आणि कुंभारमाशीची घरटी. मृगात ढग आले की कमी दाब, आणि विजा कडाडल्या की त्यापुढचे नुकसान. पाऊसकाळात केबलच्या जोडात पाणी शिरून अर्थ फॉल्ट.

यातले ड्राय रन मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण मोटारी सर्वांत जास्त त्यातच मरतात. विहिरीत पाणी आहे की नाही हे डब्याला बहुधा दिसत नसते. तो मोटारीच्या करंटवरून ओळखतो. अमुक वेगाला मोटारीने अमुक इतका करंट घ्यायला हवा, तो एकदम कमी झाला तर मोटार पाण्याशिवाय फिरते आहे असे समजून तो पंप थांबवतो आणि काही वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. विहिरीला पाझर असेल तर तेवढ्यात पाणी जमते. याला बिघाड म्हणतच नाहीत, ही राखण आहे. पण शेतकऱ्याला लाल अक्षरांत एक आकडा दिसतो आणि तो डबा बंद-चालू करत राहतो. त्याहून वाईट म्हणजे, “ती सेटिंग काढून टाका, कटकट नको,” असे म्हणत तो कोणाकडून तरी ते संरक्षणच बंद करून घेतो. पाण्यातल्या मोटारीचे बेअरिंग पाण्यावरच गार राहते आणि पाण्यावरच फिरते. कोरडी फिरली तर काही मिनिटांत ते संपते.

आणि कधी कधी बोअर काठोकाठ भरलेली असताना ड्राय रन येतो. केबल काढून पुन्हा जोडताना दोन फेज उलटसुलट झाल्या, की मोटार उलटी फिरते, पाणी उचलत नाही, भार कमी दिसतो. मोटार आणि पंप यांच्यामधले कपलिंग तुटले तरी तसेच. म्हणून मला नुसते ‘ड्राय रन’चे भाषांतर नको आहे. ‘मोटारीवर भार नाही, आधी पाणीपातळी पाहा, पाणी असेल तर दुरुस्तीवाल्याला बोलवा’ अशी एक ओळ हवी आहे.

महोदय, हा जिवाचाही प्रश्न आहे. जुन्या मोटारीचा स्टार्टर उघडण्याआधी आमचा शेतकरी खांबावरची किंवा पेटीतली वीज बंद करायचा, आणि तीच सवय घेऊन तो हा डबा उघडतो. पण प्लेटांवर ऊन आहे तोवर प्लेटांकडून येणारी वायर जिवंतच असते, स्विच बंद केला तरी. स्विच बंद केल्यावरही डब्यातले कपॅसिटर काही मिनिटे भरलेले राहतात. प्लेटांमधला कनेक्टर चालू पंपावर ओढला तर जी ठिणगी पेटते ती घरातल्या विजेच्या ठिणगीसारखी चटकन विझत नाही, कारण डीसी प्रवाह क्षणभरही शून्यावर येत नाही. सातशे व्होल्टच्या त्या जाळाने बोटे भाजतात, प्लेट पेटते. आकडा कळत नाही म्हणून माणूस डबा उघडतो. आकडा कळला असता तर निम्म्या वेळा त्याने डब्याला हातच लावला नसता.

मी काही नवे मागत नाही. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या मानकांतच लिहिले आहे की प्रत्येक सौर पंपासोबत इंग्रजी आणि स्थानिक भाषेतील माहितीपुस्तिका द्यावी, तीत दुरुस्तीविषयक मार्गदर्शन असावे, सेवा केंद्राचा पत्ता आणि संपर्क क्रमांक असावा. ड्राय रन, शॉर्ट सर्किट, उलट जोडणी, विजेचा लोळ यांपासूनची संरक्षणेही त्याच मानकांत आहेत. म्हणजे डब्याने काय ओळखायचे हे सरकारने ठरवून दिले आहे. ओळखल्यावर ते शेतकऱ्याला कसे सांगायचे, एवढेच प्रत्येक कंपनीवर सोडले गेले. पुस्तिका मी अनेक ठिकाणी मागून पाहिली. बहुतेक घरांत ती नसते. असली तर इंग्रजीत असते.

हे होण्यासारखे आहे का, अशी शंका कोणी काढेल. मोटारगाड्यांच्या बाबतीत हे केव्हाच झाले. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारगाड्यांना बिघाडाचे सामायिक संकेत बंधनकारक झाले. पी-०३०० म्हणजे इंजिनात मिसफायर, मग गाडी कोणत्याही कंपनीची असो. त्यामुळे रस्त्याकडेचा मेकॅनिकसुद्धा स्कॅनर लावून बिघाड सांगू शकतो. कंपन्यांना त्यांचे खास संकेत वेगळे ठेवायची मुभा आहे, पण सर्वसाधारण बिघाडांना एकच नाव. सौर पंपाला तर असे दहा-बारा बिघाड पुरेत.

पंप कोणत्या कंपनीचा घ्यायचा हे शेतकरी महावितरणच्या यादीतून निवडतो. त्या यादीत येण्याची अट म्हणून, डब्याच्या दारावर आतून-बाहेरून उन्हापावसात न पुसणारी मराठी पाटी लावणे आपण सक्तीचे करावे. पाटीवर संकेत, त्याचा अर्थ, शेतकऱ्याने काय करावे आणि काय करू नये. प्लेटा पुसणे, सावली करणारी फांदी छाटणे, पाणी भरेपर्यंत थांबणे, ही त्याची कामे. ओव्हरकरंट, फेज गेली, अर्थ फॉल्ट आले तर डब्याला हात न लावता फोन करणे, हेही त्याला तिथेच वाचायला मिळाले पाहिजे. बसलेल्या पंपांवर ही पाटी कंपनीचा माणूस देखभालीच्या फेरीत लावू शकतो.

दुसरे, रिमोट मॉनिटरिंगबद्दल. प्रत्येक डब्यात सिम आहे आणि तो पंपाची माहिती सर्व्हरवर पाठवत असतो. म्हणजे बिघाडाची बातमी मुंबई-पुण्याला पोहोचते, आणि बांधावर उभ्या असलेल्या मालकाला मात्र माझ्यासारख्याला फोन करावा लागतो. वीजबिलाचे आणि वीज बंद राहण्याचे एसएमएस आपण ग्राहकांना पाठवताच. तसाच एक मराठी एसएमएस पंपाच्या संकेताचा पाठवावा, त्यात तक्रार क्रमांक असावा. पाच वर्षांच्या हमीत डबा उघडायचा अधिकार कंपनीचाच आहे आणि तो असावाही. पण बिघाड आधीच कळला तर कंपनीचा तंत्रज्ञ जिल्ह्याच्या गावावरून येताना योग्य सुटा भाग घेऊन येईल. आज तो एकदा पाहायला येतो आणि पुन्हा भाग घेऊन येतो, आणि त्या मधल्या दिवसांत कांद्याचे रोप माना टाकते.

शेतकऱ्याने या पंपासाठी आपला हिस्सा भरला आहे, सर्वसाधारण गटात १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. कोणाला तो भरायला गळ्यातले मोडावे लागले. आपल्या पंपाला काय झाले हे कळणे हा त्याचा हक्क आहे.

संकेतांची यादी करायला बसायचे ठरले तर आयटीआय झालेले वायरमन, रिवाइंडिंगवाले, कंपन्यांचे तंत्रज्ञ यांना तालुक्याच्या ठिकाणी एकत्र बोलवा. आम्ही आमचे काम सोडून येऊ. कोणता शब्द शिवारात चालतो आणि कोणता नाही, हे आम्ही सांगू. त्या बैठकीला ज्यांच्या शेतात पंप आहे अशा बायकांनाही बोलवा. घरचा माणूस बाजाराला किंवा ऊसतोडीला गेलेला असतो तेव्हा डब्यासमोर त्याच उभ्या असतात, आणि मला येणाऱ्या फोनांत त्यांचे फोन कमी नसतात.

येत्या जानेवारीत मोसंबीचा ताण तुटण्याआधी निदान पाटीचा निर्णय व्हावा, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक मोटार-पंप दुरुस्ती कारागीर
ता. अंबड, जि. जालना