दुकान हलतं, गिऱ्हाईक नाही

मेट्रोचं नवं स्टेशन सुरू झालं की आपण सगळ्यात आधी रील टाकतो. एसी डबा, सरकते जिने, कॉलेजला पोहोचायला निम्मा वेळ... भारीच! पण त्या स्टेशनच्या किंवा रुंद झालेल्या रस्त्याच्या जागी आधी काय होतं? कुठे झेरॉक्सवाला, कुठे सायकल दुरुस्तीचं दुकान, कुठे पिठाची गिरणी. ‘त्यांना भरपाई मिळाली असेल की!’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण भरपाई नेमकी कशाची?

जमीन आणि भिंती मोजायची पद्धत ठरलेली आहे. २०१३च्या भूसंपादन कायद्यानुसार जागेची किंमत काढली जाते आणि तेवढीच दिलासा रक्कम वर मिळते. पण हा पैसा मुख्यतः जागेच्या मालकाचा. वीस वर्षं भाड्याच्या गाळ्यात धंदा करणाऱ्याचं काय?

कायदा त्याला अगदीच विसरलेला नाही. कलम २८ म्हणतं की, कमाईचं झालेलं नुकसान आणि धंद्याची जागा बदलण्याचा वाजवी खर्च भरपाईत धरा. हे तर इंग्रजांच्या १८९४च्या कायद्यातही होतं. शिवाय विस्थापित छोट्या व्यापाऱ्याला किमान २५ हजार रुपये एकरकमी मदत, हलण्यासाठी ५० हजार आणि वर्षभर महिना ३ हजार निर्वाह भत्ता. आता सांगा, मुंबई-पुण्यात एका गाळ्याचं डिपॉझिट तरी या २५ हजारांत बसेल का?

खरी गोची पुढेच आहे. दुकानाची सगळ्यात मोठी मालमत्ता भिंतीत नसतेच. ती असते रोज सकाळी ठरलेल्या वेळी येणाऱ्या गिऱ्हाइकात, उधारीच्या वहीत, ओळखीवर माल टाकून जाणाऱ्या होलसेलवाल्यात. कॉलेजच्या गेटसमोरचा झेरॉक्सवाला चार किलोमीटर लांब नेऊन बसवला, तर मशीन तेच राहील. पण सबमिशनच्या आदल्या रात्रीची गर्दी तिथे येणार आहे का?

हे आधी घडून गेलंय. मुंबईत सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासाठी कुर्ल्यातली दुकानं हलवायची ठरली. धोरण असं की २२५ चौरस फूट जागा मोफत. दुकान त्याहून मोठं असेल, तर एका मर्यादेपर्यंत जादा जागा पैसे मोजून घ्यायची. पण बाजारपेठेत बसलेल्या दुकानदारांना मानखुर्दला जाऊन धंदा चालेल असं वाटेना. २००४ मध्ये ते थेट जागतिक बँकेच्या तपासणी पॅनेलकडे गेले, कारण प्रकल्पाला कर्ज बँकेचं होतं. दुकानदारांकडे आणि त्यांच्या उत्पन्नाकडे पुरेसं लक्ष दिलं गेलं नाही, असं पॅनेलनेही म्हटलं. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या कामांचे पैसे काही महिने रोखले. रस्ता खुला झाला तो २०१४ मध्ये. पुनर्वसनाचा घोळ हे रखडण्याचं एक मोठं कारण होतं. म्हणजे दुकानदाराचा हिशेब नीट न करणं शेवटी सगळ्यांनाच महाग पडतं.

यावर नेहमीचं उत्तर तयार असतं : ‘हे लोक कमाई फुगवून सांगतील, पुरावा काय?’ रोखीच्या जमान्यात हा प्रश्न रास्त होता. आज टपरीवरही क्यूआर कोड लटकतोय. यूपीआयची नोंद, वीजबिल, गुमास्ता लायसन्स, माल खरेदीच्या पावत्या एकत्र केल्या, तर धंद्याचा अंदाज नक्की येतो. प्रश्न पुराव्याचा कमी आणि मोजायच्या इच्छेचा जास्त आहे.

मला वाटतं, तीन गोष्टी व्हायलाच हव्यात. एक, सर्वेक्षणात जागेच्या चौरस फुटांबरोबर धंद्याची सरासरी कमाईही लिहा, मग दुकानदार मालक असो वा भाडेकरू. दोन, दुकान बंद झाल्यापासून नव्या जागी बस्तान बसेपर्यंतच्या महिन्यांची भरपाई त्या कमाईवरून ठरवा. तीन, पर्यायी गाळा शक्य तितका जुन्या गिऱ्हाइकांच्या टप्प्यात द्या.

‘विकासाला विरोध’ म्हणून कुणी शिक्का मारायच्या आधी सांगते, मेट्रो मलाही हवीये. पण माझी वीस मिनिटं वाचावीत म्हणून कुणाची वीस वर्षं फुकट जात असतील, तर त्यांचं बिल प्रकल्पाच्या खर्चात धरायला हवं. एकट्या दुकानदाराने ते का भरावं?

आणि आपण? कॉमर्स, लॉ, मास कॉमवाल्यांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? तुमच्या भागात रस्ता रुंदीकरण होणार असेल, तर तिथल्या दहा दुकानदारांना तीन वर्षांचे कागद लावायला मदत करा. कारण या कायद्यात छोट्या व्यापाऱ्याने आधीची तीन वर्षं त्या भागात धंदा केल्याचं दाखवावं लागतं. नोटीस आल्यावर धावपळ करण्यापेक्षा ती फाइल आधीच तयार असलेली बरी.