उद्यान चालवायला विश्वस्त संस्था हवी, नुसता ठेकेदार पुरत नाही




उद्यान बांधायला पैसा मिळतो, जगवायला मिळत नाही, ही छोट्या महापालिकांची जुनी अडचण आहे. केंद्राच्या ‘अमृत’ योजनेत प्रकल्पखर्चाच्या अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम उद्यानांसाठी वापरण्याची सोय होती. तेवढ्यात कुंपण होतं, पदपथ होतो, घसरगुंडी येते, फीत कापली जाते. माळ्याचा पुढच्या दहा वर्षांचा पगार मात्र अशा योजनेतून निघत नाही.

मग एके दिवशी बोअरची मोटर जळते. प्रस्ताव, अंदाजपत्रक, दरपत्रकं, मंजुरी, कार्यादेश असा कागद टेबलांवरून फिरून येईपर्यंत एप्रिल उजाडतो आणि हिरवळ पिवळी पडून गेलेली असते. माळी जागेवर असतो, पाईपही असतो, फक्त पाणी नसतं. यात कुणा एका अधिकाऱ्याचा आळस शोधण्यात अर्थ नाही. अहिल्यानगरची महापालिका २००३ सालची, ‘ड’ वर्गातली. पगार, पाणी, कचरा आणि रस्ते भागवल्यावर उरेल त्यात बाग बसवायची म्हटली, की बागेचा नंबर नेहमीच शेवटचा लागतो. अशा वेळी देखभालीचा ठेका देणं हा ठरलेला उपाय. पण ठेकेदाराची बांधिलकी ठेक्याच्या मुदतीपुरती असते आणि लावलेलं झाड सावली धरेपर्यंत असे तीन-चार ठेके उलटतात.

तिसरा मार्ग आहे, आणि तो पाहायला पुण्यापलीकडे जावं लागत नाही. रेसकोर्सजवळचं एम्प्रेस गार्डन सुमारे ३९ एकरांचं आहे. जमीन सरकारी, पण कारभार पाहते ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही १८३० साली स्थापन झालेली बिगरसरकारी संस्था. बागेला तिकीट आहे, रोपवाटिकेतून रोपं विकली जातात आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनाला अख्खं पुणे लोटतं. तिथे गुलाब आणि बोन्सायच्या शेजारी भाज्याही मांडलेल्या असतात आणि शाळकरी पोरं चित्रकला स्पर्धेसाठी बसलेली असतात. करमणूक होते, पैसाही जमतो. मुख्य म्हणजे दरवर्षी हजारो माणसं बागेत येऊन जातात आणि ही आपली बाग आहे असं त्यांना वाटू लागतं. काही वर्षांपूर्वी या बागेच्या काही जागेवर सरकारी अधिकाऱ्यांची निवासस्थानं बांधण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा पुणेकर विरोधाला उभे राहिले ते याच आपलेपणापोटी. ठेकेदाराच्या बागेसाठी इतकी माणसं रस्त्यावर आली असती का, याचा ज्याने त्याने विचार करावा.

महापालिकेला बाग नीट ठेवताच येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पुणे महापालिकेचंच आहे आणि देखणं आहे. पण पुण्याच्या तिजोरीशी नगरने बरोबरी करू नये.

संस्थेच्या हाती बाग द्या म्हटलं, की लोक भुवया उंचावतात, आणि त्यांचं चुकत नाही. मुंबईत मैदानं आणि उद्यानं ‘दत्तक’ देण्याच्या धोरणाचं काय झालं, ते सर्वांनी पाहिलं आहे. काही भूखंड राजकारण्यांशी संबंधित संस्थांकडे गेले, कुठे क्लब उभे राहिले, कुठे सर्वसामान्यांना फाटकाशीच अडवलं गेलं. २०१६ साली मंजूर झालेल्या नव्या धोरणावर इतका गदारोळ झाला, की राज्य सरकारला स्थगिती द्यावी लागली आणि दोनशेहून अधिक भूखंड संस्थांकडून परत घेण्याची प्रक्रिया सुरू करावी लागली. आपल्या शहरातही ‘दत्तक’ हा शब्द उच्चारला, की पहिला अर्ज कुणाच्या कार्यकर्त्याचा येईल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

म्हणूनच करारनाम्यात काय लिहिलं आहे, याला सगळं महत्त्व. मुंबईच्याच राणीच्या बागेचा इतिहास इथे उपयोगी पडतो. भायखळ्याची ही बाग १८६२ साली सुरू झाली, ती ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ याच नावाच्या संस्थेच्या पुढाकाराने. १८७३ मध्ये संस्थेचा तिथला कारभार आटोपला आणि बाग मुंबईच्या पालिकेकडे आली. संस्था गेली तरी बाग टिकली, कारण ती कुणाची खासगी मालमत्ता झालेली नव्हती. संस्थेला कारभार द्यावा, मालकी कधीही देऊ नये.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची गोष्टही याच अंगाने वाचायला हवी. १९७०च्या दशकात ते शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं आणि ८४३ एकरांचं हे उद्यान उजाड आणि धोक्याचं झालं होतं. १९८० साली नागरिकांनी ‘सेंट्रल पार्क कन्झर्व्हन्सी’ स्थापन केली. देणग्या जमवून तिने आधी काम करून दाखवलं, आणि शहराने तिच्याशी रीतसर करार केला तो तब्बल अठरा वर्षांनी, १९९८ मध्ये. आज खर्चाचा मोठा वाटा संस्था उभा करते. उद्यान शहराचंच आहे आणि शहरही आपला वाटा उचलतं. आपल्याकडे नेमकी इथेच गफलत होते. संस्था आली, की महापालिका तरतूद शून्यावर आणते आणि मग संस्थाही तीन वर्षांत दमते.

न्यूयॉर्कमधला एक वाद तर नगरने आधीच समजून घ्यावा असा आहे. २०१२ साली एका धनिकाने सेंट्रल पार्कला १० कोटी डॉलर दिले. श्रीमंतांच्या घरांसमोरच्या बागेला एवढं मिळतं, मग गरीब वस्त्यांतल्या बागांचं काय, हा प्रश्न साहजिकच उठला. पुढच्याच वर्षी राज्याच्या सिनेटमधले डॅनियल स्क्वाड्रन यांनी श्रीमंत उद्यान-संस्थांच्या निधीतला पाचवा हिस्सा गरजू उद्यानांना देण्याचा प्रस्ताव मांडला. तो कायदा झाला नाही, म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. सावेडीतल्या गंगा उद्यानाला किंवा मध्यवस्तीतल्या सिद्धी बागेला उद्या देणगीदार मिळतीलही. केडगाव, बोल्हेगाव, मुकुंदनगरच्या मुलांच्या झोपाळ्यासाठी कोण पुढे येणार? पाचव्या हिश्श्याचं कलम आपल्या करारात पहिल्याच दिवशी असावं.

पैसा कुठून येईल, ही सबब फारशी टिकणारी नाही. कंपनी कायदा २०१३ प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि पर्यावरण त्या यादीत आहे. नागापूर आणि सुपे या औद्योगिक वसाहती याच जिल्ह्यात आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, ८०-जीची सवलत असलेली आणि दरवर्षी हिशेब तपासून घेणारी संस्था समोर असेल, तर कंपनीलाही देणं सोपं जातं, आणि निवृत्त शिक्षकालाही आईच्या नावाने बाक देता येतो.

माणसं कुठून येतील, हा प्रश्न तर या जिल्ह्याने विचारूच नये. शिर्डीची लेंडीबाग संस्थानच सांभाळतं. तिथला पैसा निराळा हे खरं, पण हिवरेबाजारला कुठे देवस्थानाची दानपेटी होती? त्या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद सर्वांसमोर मांडला जातो आणि पिकं त्यावरून ठरतात. बागेच्या पाण्याचा आणि पैशांचा हिशेब फाटकावरच्या फळ्यावर लावणं त्याहून अवघड नाही. ज्या शहरात निजामशाहीच्या काळात कापूरवाडीसारख्या गावांहून खापरी नळांनी पाणी आणून महाल आणि बागा फुलवल्या गेल्या, त्या शहराला बाग म्हणजे काय हे शिकवावं लागू नये. नळ बांधणाऱ्यांच्या मागे ते दुरुस्त करणारा कुणी उरला नाही, तेव्हा त्या वैभवाचं काय झालं, हे फराहबागेत जाऊन कुणीही पाहावं.

महापालिकेकडे मागणी एवढीच आहे. शहरातलं एक मोठं उद्यान निवडावं आणि पाच वर्षांच्या कराराचा मसुदा नागरिकांच्या हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा. मालकी महापालिकेची, सध्याची तरतूद कायम, प्रवेश सर्वांना, पक्क्या बांधकामाला मनाई, पदावरच्या लोकप्रतिनिधींच्या विश्वस्तपदाला बंदी, हिशेब दर तिमाहीला जाहीर आणि निधीचा पाचवा हिस्सा उपनगरातल्या बागांना, ही कलमं त्यात असावीत. मसुदा आला, की ज्यांना बागेत रोज सकाळी फिरायला जागा लागते, त्या नगरकरांनी तो वाचून आपलं म्हणणं लेखी कळवावं.

आपला,
एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर