कारखान्याचा क्लब
जर्मनीतील बायर लेव्हरकूझेन ह्या फुटबॉल क्लबाने २०२३-२४ च्या हंगामात केलेला पराक्रम केवळ क्रीडापानापुरता नाही. लीगच्या ३४ सामन्यांपैकी २८ जिंकून, ६ बरोबरीत सोडवून, एकही न हरता त्याने प्रथमच बुंडेसलिगाचे अजिंक्यपद मिळविले आणि बायर्न म्यूनिकची सलग ११ वर्षांची सद्दी संपविली. सर्व स्पर्धांत मिळून ५१ सामने अपराजित राहिल्यावर २२ मे २०२४ रोजी डब्लिन येथे युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात अटलांटाने त्याला ३-० असे नमविले. तरीही तीनच दिवसांनी त्याने जर्मन चषक जिंकला. २००२ मध्ये लीग, चषक व चॅम्पियन्स लीग ह्या तिन्ही ठिकाणी उपविजेता राहिलेल्या क्लबाची उपेक्षा अखेर संपली.

तथापि ह्या यशाला दुसरी बाजू आहे. १९०४ मध्ये कामगारांच्या मागणीतून जन्मलेला हा क्लब आज बायर कंपनीच्या मालकीचा आहे. जर्मनीत क्लबातील बहुमत सभासदांकडे असावे, असा दंडक आहे. लेव्हरकूझेनला त्यातून सूट आहे. केवळ पैशाने हे घडले असे आम्ही म्हणणार नाही; धनवान बायर्न मागेच पडले. २०२२ च्या ऑक्टोबरात तळाशी गेलेला संघ प्रशिक्षक शाबी अलोन्सो यांनी उभा केला. परंतु २०१६ मध्ये धेंपो आणि साळगावकर ह्यांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतलेले गोमंतकाने पाहिले आहे. धन्याची मर्जी फिरली की प्रेक्षकाला दाद मागता येत नाही. म्हणून विजयाचे कौतुक करावे; सवलतीचा मात्र पायंडा पडू देऊ नये.