मंदगति फिल्मचा कैवार

“मेलेल्या वस्तूचें सुतक किती दिवस धरणार?” असें आम्हांस विचारणारांची पनवेलांत कमी नाहीं. वस्तु म्हणजे मंदगति कृष्णधवल फिल्म; जिच्या डबीवर २५ किंवा ५० हा अंक असतो ती. अंक जितका लहान तितका तिचा प्रकाशाचा हव्यास मोठा. ४०० अंकाच्या फिल्मला पुरेल त्याच्या आठपट उजेड ५० अंकाची मागते. पण त्या मोबदल्यांत चांदीच्या क्षारांचे इतके बारीक कण देते कीं चित्र हातभर वाढविलें तरी रेघ फुटत नाहीं.

हा हव्यास दोष म्हणून सांगणारे तज्ज्ञ कोणत्या देशाचें आकाश पाहतात न कळे. लंडनच्या धुक्यांत ही फिल्म अडखळत असेल. पनवेलास वैशाखांत उन्हाची काय टंचाई आहे? त्या उन्हांत ४०० अंकाची फिल्म घालून निघालेला मनुष्य भिंगाचें द्वार १६ पर्यंत आवळतो, तरीही त्यास शटर सेकंदाच्या चारशेव्या अंशांत मिटावें लागतें. ५० अंकवाला तितक्याच वेगास द्वार ५.६ इतकें मोकळें ठेवतो, हातगाडीवाल्याचा चेहरा उठावांत आणतो आणि मागची गर्दी विरघळवून टाकतो. पावसाळ्यांत तिपाई लागते हें कबूल. परंतु तिपाईपाशीं उभा राहिलेला मनुष्य निदान पाहूं तरी लागतो. कर्नाळ्याचा सुळका ढगांतून बाहेर येईपर्यंत आमचे टीकाकार कधीं थांबले आहेत काय?

सौंदर्याची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवूं. जुन्या मोडी कागदावर बोरूची रेघ कोठें जाड, कोठें केसासारखी. ती नक्कल करतांना जशीच्या तशी उतरावी लागते. दप्तरखान्यांतील मायक्रोफिल्म ही याच मंद कुळांतली. पॉलिएस्टरच्या पायावरची, नीट धुतलेली व थंड कोरड्या जागीं ठेवलेली अशी फिल्म पांचशें वर्षें टिकेल असा जाणत्यांचा हिशेब आहे; आणि ती वाचण्यास एक भिंग व एक दिवा पुरे. अंकीय चित्रांची सोय आम्ही नाकारीत नाहीं. मात्र तीं दर कांहीं वर्षांनीं एका पेटींतून दुसऱ्या पेटींत हलवावीं लागतात, आणि हलविणारा विसरला कीं संपलें.

पनवेलास हा प्रश्न हौसेचा राहिलेला नाहीं. विमानतळासाठीं उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा ओघ वळविला गेला, दहा गांवें उठलीं, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटनही झालें. उद्यां त्या गांवांचीं नातवंडें आपलें देऊळ, आपली खाडी, आपला बांध कोठें होता असें विचारतील, तेव्हां त्यांच्या हातीं काय ठेवणार? मोबाइलमधून मोबाइलमध्यें जातां जातां झिजलेलीं चित्रें?

फिल्म काळानें मारली म्हणतात. काळास आम्हीं कारखाने बंद करतांना पाहिलेलें नाहीं. तें काम माणसें करतात. कोडॅकनें टेक्निकल पॅन २००४ च्या सुमारास थांबविली. क्रोएशियांतील एफ्के २०१२ मध्यें गेली. आमच्या देशांत १९६० सालीं उटकमंडास सरकारनें हिंदुस्थान फोटो फिल्म्स स्थापिली. तिची ‘इंदू’ फिल्म एके काळीं गांवोगांवच्या स्टुडिओंत होती. तो कारखाना बंद पडला, आणि त्यावर आमच्या साहित्यकलाप्रेमी मंडळींनीं साधा उसासाही टाकला नाहीं! उलट फुजीनें १०० अंकाची अॅक्रॉस २०१८ मध्यें बंद केली आणि गिऱ्हाइकांनीं ओरड करतांच २०१९ मध्यें नव्या रूपांत परत आणली. मेलेलें माणूस असें उठत नसतें. इल्फर्डची ५० अंकाची पॅन एफ अजून निघते, पण ती परदेशांतून, जकात भरून यावयाची. पनवेलच्या दुकानदारास विचारावें तर तो रंगीत डबी पुढें करतो.

व्यक्तीच्या हौसेवर हा माल बाजारांत टिकणार नाहीं. ठराविक मागणी पाहिजे, आणि ती संस्थाच करूं शकतात. वर्षास शंभर डब्या, दोन तिपाया, धुण्यास एक अंधारी खोली आणि निगेटिव्हना बुरशी लागणार नाहीं अशी एक थंड कपाटाची जागा, एवढी तरतूद पनवेल महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकांत कोणत्या सदराखालीं बसते, हें नगरसेवकांनीं आम्हांस कळवावें.