लाथेआधीचे काही सेकंद

2 फेब्रुवारी 2025, रविवार. औशात बसस्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात सात-आठ जण एकाच मोबाईलवर वाकले होते. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची अंतिम कुस्ती नुकतीच झाली होती. पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचं पंचांनी जाहीर केलं. राक्षेचं म्हणणं, माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, रिप्ले दाखवा. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली.

मोबाईलवर मात्र नुसती लाथच. परत लाथ. मग संथ गतीने लाथ, त्यावर लाल गोल.

आधीच सांगतो, लाथेचं समर्थन मी करणार नाही. दोनदा महाराष्ट्र केसरीची गदा घेतलेल्या पैलवानाला तर ती अजिबात शोभत नाही. शिक्षा व्हायलाच हवी होती. माझं भांडण आहे ते ही बातमी जशी सांगितली गेली त्याच्याशी.

कुस्तीगीर संघाने लगोलग राक्षेला तीन वर्षांसाठी निलंबित केलं. त्याच दिवशी अंतिम लढतीत पंचांशी हुज्जत घालून मॅट सोडणाऱ्या महेंद्र गायकवाडलाही तीन वर्षं. म्हणजे लाथ मारणारा आणि निघून जाणारा, दोघांना एकच माप! हे कोणत्या नियमाने? दोघांचं म्हणणं कुणी, कुठे बसून ऐकून घेतलं? पैलवानाच्या आयुष्यात तीन वर्षं म्हणजे काय, हे आखाड्यात एक पावसाळा काढलेल्या माणसाला विचारा. पण चॅनेलवर चर्चा कसली, तर ‘राक्षे चूक की बरोबर’. शिक्षा देणाऱ्यांना कुणी प्रश्न विचारलाच नाही.

दुसऱ्या टोकालाही कमी नव्हतं. माजी महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील तर, पंचाला गोळ्या घालायला हव्या होत्या अशा अर्थाचं बोलून बसले. झालं! आता दिवसभर गोळ्या. खांदे टेकले होते की नव्हते, हा मूळ प्रश्न लाथ आणि गोळी यांच्यामध्ये चेंगरून गेला.

खरं तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. आंतरराष्ट्रीय नियमात चितपटीवर चॅलेंज घेता येत नाही. का? तर चितपट जाहीर करण्याआधीच मॅट चेअरमनने खात्री करून घ्यायची असते म्हणून. म्हणजे पैलवानाला दाद मागायला जागा नसेल, तर पंचांवरची जबाबदारी दुप्पट होते. एवढी साधी गोष्ट दोन मिनिटांत समजावता आली असती. जत्रेतल्या मातीच्या कुस्तीत वाद झाला की पैलवानाला फिरवून त्याची पाठ लोकांना दाखवायचे, माती लागली का बघा म्हणून. गादीवर माती नसते. तिथे कॅमेराच माती.

इंग्लंडात 25 जानेवारी 1995 ला एरिक कँटोनाने एका प्रेक्षकाला लाथ मारली होती. तिथल्या वर्तमानपत्रांनीही त्याला सोलून काढलंच, ते काही संत नव्हेत. पण फुटबॉल संघटनेने त्याला फेब्रुवारीत सुनावणीला बोलावलं आणि मग सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी घातली. आधी सुनावणी, मग शिक्षा. आपल्याकडे उलटं. शिक्षा आधी, चौकशी समिती नंतर. आणि काही आठवड्यांनी त्या समितीला काय सापडलं? मुख्य पंच दोषी! त्यांनाही निलंबन, किती वर्षं? तीनच. (या संघाकडे दुसरा आकडा नाही की काय?)

ती बातमी तुम्ही कितीदा पाहिलीत? मी एकदा वाचली, आतल्या पानावर.

आता जरा आपल्याकडे वळू. राक्षे नांदेडकडून खेळतो म्हणून आपण मराठवाडेकर छाती फुगवून बोलत होतो, तो मूळचा राजगुरुनगरचा हे सोयीने विसरून. त्याचे वस्ताद काका पवार लातूर जिल्ह्यातले, म्हणून तर अधिकच. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या कुस्तीत चार गुणांवरून वाद झाला, तेव्हा लोकांनी त्यात जात-धर्म घुसडला, पंचांना फोनवर धमकी आली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. तेव्हाही आपण मोबाईलवर ठासून मत दिलंच होतं. डाव बाहेरची टांग होता का, किती गुणांचा, हे आपल्यापैकी किती जणांना कळत होतं? पैलवान आपला असेल तर पंच चोर, आपला नसेल तर पैलवान माजलेला. चॅनेलवाले तरी वेगळं काय करतात!

यात मोहोळचा काय दोष होता, हेही कुणी विचारलं नाही. पोरगं निकालाप्रमाणे लढलं, जिंकलं, आणि त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस दुसऱ्याच्या लाथेच्या बातमीत वाहून गेला.

परवा त्याच हॉटेलात विषय निघाला. पंचांवर कारवाई झाली हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तर हॉटेलवाले मामा कप विसळता विसळता म्हणाले, “असं का? मग निकाल बदलला का हो सर?”

नाही मामा, निकाल तोच.

“मग लाथेचंच दाखवणार की,” म्हणाले, आणि पुढचा चहा गाळायला घेतला.