सिगारेट ठेवली आणि 40 लाखांची मर्यादा 20 वर आली

अमरावती-अकोल्यात नवीन किराणा टाकणारा जवळपास प्रत्येक जण मला विचारतो, "सर, काउंटरवर सिगारेट-बिडी ठेवू ना? गिऱ्हाईक येते." माझं मत सरळ आहे, ठेवू नका. व्हिडिओत हिशोब घाईत झाला, इथे नीट मांडतो.

1 फेब्रुवारी 2026 पासून सिगारेटवर 40 टक्के जीएसटी आहे. शिवाय लांबीनुसार हजार नगांमागे 2,050 ते 8,500 रुपये उत्पादन शुल्क, म्हणजे एका सिगारेटमागे दोन ते साडेआठ रुपये. तेवढीच पाकिटं भरायला आता तुमचं भांडवल जास्त अडकते.

पण खरी मेख दुसरीकडे आहे. फक्त माल विकणाऱ्या दुकानाला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. तंबाखू, पानमसाला, आइस्क्रीम अशा काही वस्तू विकल्या की ही सवलत जाते आणि मर्यादा 20 लाखांवर येते. एप्रिल 2019 पासून हा नियम आहे, आणि माझ्या बॅचमध्ये तो शंभरात पाच जणांनाही माहीत नसतो!

समजा, रोजचा गल्ला 6,500. त्यात सिगारेट 1,500 ची. वर्षाचे झाले 23 लाख 72 हजार. म्हणजे नोंदणी आली. कंपोझिशन घेतलं आणि सगळा माल करपात्र धरला, तर 1 टक्क्याने महिन्याला साधारण 1,975 रुपये खिशातून. सिगारेटवर रुपयामागे 7 पैसे सुटतात असं धरा: महिन्याला 3,150. उरले 1,175. त्यातून सीएची फी द्या आणि उधारी बुडाली तर तीही सोसा.

"सिगारेटवाला चिप्स-पाणीही घेते ना सर!" घेत असेल. पंधरा दिवस वहीत लिहून पाहा, किती जण घेतात ते.

कर वाढवला हे मला पटते. किंमत वाढली की कॉलेजचं पोरगं आधी हात आखडते. पण त्याच दिवशी बिडीवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के केला, हे नाही पटलं. बिडी ओढणाऱ्या मजुराची छाती काय वेगळी असते का? आणि आपल्या वऱ्हाडात तर खर्रा आहे. ठेल्यावर घोटलेल्या पुडीला ना एमआरपी, ना बिल. सिगारेट महागली की काही गिऱ्हाईक तिकडेच वळणार. तुम्ही मात्र त्याच्या मागे जाऊन खर्रा ठेवायचा विचार करत असाल, तर तो हिशोब मी मांडून देणार नाही.