दहावीचा दाखला हाये, हाताला काम कुठाय?

पेठ-सुरगाण्याची पोरं आश्रमशाळेत दहावी होतात आन् द्राक्षाच्या हंगामात गिरणाऱ्याच्या मजूर अड्ड्यावर उभी राहतात. मोटार दुरुस्ती, वायरिंग, नागलीची प्रक्रिया शाळेतच शिकवली, तर हे थांबेल.

पैसा नाही, असं साहेब सांगतील. सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून १९९३-९४ पासून राज्याच्या योजनेत आदिवासींचा वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे ९ टक्के ठरला. ही भीक नाही, आपला हिस्सा आहे.

जागा नाही म्हणतील, तर वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) दाखवा. ग्रामसभेची शिफारस असेल तर १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन व्यवसाय प्रशिक्षण केंद्राला देता येते. अट एकच नाही, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत, हेही लक्षात ठेवा.

कुणी म्हणेल, आमच्या पोरांनी मिस्त्रीच व्हायचं का? नाही. ज्याला कॉलेजात जायचं त्याने जावंच. पण हातात कसब असलेल्या पोराला मुकादम भाव ठरवून देत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव करा. जागा कोणती, कोणतं काम शिकवायचं, हे गावानेच लिहा. प्रत प्रकल्प अधिकाऱ्याला द्या, पोच घ्या. जमीन लढून मिळवली, शिक्षणही तसंच घेऊ. जिंदाबाद!